पंख दिसतात, वास येत नाही

९ एप्रिल २०१५ रोजी केप टाउन विद्यापीठातला सेसिल ऱ्होड्सचा पुतळा क्रेननं उचलला, तेव्हाचा एक फोटो जगभर फिरला. एकीकडे अधांतरी लटकलेला ऱ्होड्स, दुसरीकडे केसांचे पंख पसरून उभी असलेली कलावंत सेथेम्बिले म्सेझाने. फोटो इतका नेमका आहे की आपण तो बघतो, शेअर करतो आणि सगळं कळलं असं समजतो. माझा आक्षेप या समजुतीला आहे.

एक तर म्सेझानेची कलाकृती म्हणजे तो फोटो नव्हे. ती जवळपास चार तास उंच टाचांच्या बुटांत उभी होती, मधूनमधून पंख उचलत होती. ‘चापुंगु’ हा शोना लोकांचा गरुड. ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी पक्ष्यांशी त्याचं नातं सांगितलं जातं. त्यातला एक पक्षी ऱ्होड्सनं आपल्या घरी नेऊन ठेवला होता. त्याला निरोप द्यायला तोच पक्षी यावा, ही कल्पना जबरदस्त आहे. शिवाय सार्वजनिक जागेत कृष्णवर्णीय स्त्रियांचे पुतळे का दिसत नाहीत, हा प्रश्न ती २०१३पासून स्वतः चौथऱ्यावर उभी राहून विचारत होती. ब्राँझ थकत नाही. तिचे हात थकत होते, आणि त्या थकण्यातच या कामाची ताकद आहे.

पण या गोष्टीची सुरुवात महिनाभर आधीची आहे. ९ मार्चला चुमानी मॅक्सवेले या विद्यार्थ्यानं याच पुतळ्यावर मानवी मैला फेकला. तो त्यानं खयेलित्शातून आणला होता. शहराच्या कडेच्या या वस्तीत धड संडासही नसलेली घरं होती. टेकडीवरच्या स्वच्छ कॅम्पसला त्यानं शहरानं दूर ठेवलेली घाण आणून दाखवली. अनेकांना ते किळसवाणं वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं. मैला कुणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

हाही परफॉर्मन्सच होता. फक्त तो वॉलपेपर म्हणून लावता येत नाही. म्सेझाने दाखवते की त्या जागी कोण उभं राहू शकतं. मॅक्सवेले सांगतो की तिथला माणूस का हटायला हवा. आपण फक्त पंख लक्षात ठेवले, तर निषेधाचंही एक देखणं स्मारक होईल आणि बादली विसरली जाईल. पुतळा महिन्याभरात हलला. बादलीतला प्रश्न क्रेननं उचलता येत नाही.