पंधरा शिलिंग आणि एक नाणं

६ जानेवारीला आयर्लंडमध्ये 'नॉलिग ना मॉन' असतो. म्हणजे बायकांचा ख्रिसमस. सणभर रांधून-वाढून दमलेल्या बायकांनी त्या दिवशी निवांत बसायचं, मैत्रिणींना भेटायचं आणि घरातलं काम पुरुषांनी करायचं, अशी ही परंपरा. कॉर्क आणि केरीकडे ती जास्त टिकली. ऐकायला छान वाटतं. मग लक्षात येतं, की हा वर्षातला एकच दिवस आहे.

जेम्स जॉइसची 'द डेड' ही कथा ('डब्लिनर्स', १९१४) याच दिवसांत घडते. तारीख दिलेली नाही, पण नवीन वर्ष नुकतंच लागलंय. म्हणून बरेच वाचक ती ६ जानेवारीची रात्र समजतात. केट आणि ज्युलिया या म्हाताऱ्या बहिणी आणि त्यांची भाची मेरी जेन, या तिघींच्या घरी दरवर्षीची मेजवानी आहे. त्यांचा भाचा गॅब्रिएल कथेचा नायक. या कथेबद्दल बोलताना लोक बहुधा शेवटच्या बर्फाबद्दल बोलतात. मला या वेळी दिसले ते पैसे.

गॅब्रिएल वर्तमानपत्रात दर बुधवारी पुस्तकांवर लिहितो. त्याचे किती मिळतात, हे जॉइस चक्क आकड्यात सांगतो : पंधरा शिलिंग. घरात येणारा चहा तीन शिलिंगवाला, हेही सांगतो. पण हे घर ज्यांच्या कमाईवर चालतं त्या बायकांचं काय? मेरी जेन चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, शिकवण्या घेते, घराचा मुख्य आधार तीच आहे. केट थकली आहे, तरी नवशिक्यांना पियानो शिकवते. घरकामाला असलेली लिली रात्रभर पळतेय. यांच्यातल्या एकीच्याही कमाईचा आकडा कथेत नाही.

ज्युलियाची गोष्ट तर जास्तच बोचते. चर्चच्या गायकवृंदातली ती मुख्य गायिका. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी फर्मान काढलं : चर्चमधलं गाणं हे धर्मविधीचं पद आहे, ते बायकांना देता येणार नाही, वरच्या पट्टीसाठी मुलगे घ्या. केट यावर भडकते. आयुष्यभर तिथे राबलेल्या बायकांना काढून त्यांच्या डोक्यावर पोरं बसवायची, हा तिचा मुद्दा. संपूर्ण कथेत कामाच्या हक्काबद्दल इतकं थेट कुणीच बोलत नाही. आणि मेरी जेन तिला गप्प करते, कारण समोर दुसऱ्या पंथाचा पाहुणा बसलाय.

मग जेवण. गॅब्रिएल हंस कापून वाढतो, तेवढंच पुरुषाचं काम. म्हाताऱ्या मावश्या टेबलाभोवती फिरत वाढत राहतात. मग गॅब्रिएल त्यांच्या आदरातिथ्यावर भाषण करतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्याआधी लिलीशी बोलताना तो लग्नाचा विषय काढून तिला दुखावतो. हल्लीचे पुरुष नुसते बोलघेवडे, असं ती तोडून टाकते. त्यावर हा तिच्या हातात एक नाणं कोंबतो. ती नको म्हणते. हा म्हणतो, ख्रिसमस आहे, आणि जिन्याकडे जवळजवळ पळतो. सणाचं निमित्त इथे नेमकं कामाला येतं.

आयर्लंडमध्ये लग्न झालं की बाईनं सरकारी नोकरी सोडायची, हा नियम १९७३ पर्यंत होता. समान वेतनाचा कायदा १९७४ चा. २०२२ पासून मोठ्या कंपन्यांना बायका आणि पुरुष यांच्या तासाच्या सरासरी पगारातली तफावत जाहीर करावी लागते. ही तफावत फक्त एकाच कामाच्या दोन दरांतली नसते. कोण टेबलाशी बसलंय आणि कोण वाढतंय, तेही त्यात येतं. २०२३ पासून संत ब्रिजिडच्या नावानं सार्वजनिक सुट्टीही मिळते. मला विचाराल तर सुट्टीपेक्षा आकडा मोलाचा. जॉइसच्या कथेत तोच तर गायब आहे.

हे मला आत्ता का दिसलं? गेल्या वर्षी टीममधल्या मैत्रिणीनं आणि मी एकमेकांना पगार सांगितले. रुजू एकाच दिवशी, काम तेच. तिचा आकडा कमी होता. मी काय केलं? तिच्या कोडचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्या दिवशीचं जेवण माझ्याकडून दिलं. मॅनेजरशी एक शब्द बोललो नाही.

गॅब्रिएल वाईट माणूस नाही. कथेच्या शेवटी हॉटेलच्या खोलीत, खिडकीबाहेर बर्फ पडत असताना, ज्युलिया मावशी आता फार दिवसांची सोबती नाही हे त्याला जाणवतं आणि तो मनापासून हळहळतो. तिच्या गायकवृंदातल्या जागेचं काय झालं, हे मात्र त्याच्या मनातही येत नाही.