देखावा हलतो, पण कसा?

वऱ्हाडात मृगाचा पाऊस पडला की कूलर माळ्यावर जातो. त्याच्या झडपा हलवणारी छोटी मोटर, जिला दुकानदार 'स्विंग मोटर' म्हणतात, मग भादव्यापर्यंत मोकळीच असते. अंजनगाव सुर्जीच्या गणेशोत्सवात अशा मोटरींवर चालणारे दोन देखावे आम्ही पाहिले. एकात समुद्रमंथन होते, तर दुसऱ्यात छाती फाडून रामसीतेचे दर्शन घडवणारा मारुती. गर्दी मारुतीपुढे जास्त होती. मूर्तीचे काम, रंग, दिवे, सारे तिथे उजवे होते. तरीही आमचे मत समुद्रमंथनाला. त्यामागचे कारण कलेच्या तासाइतकेच विज्ञानाच्या तासालाही सांगण्याजोगे आहे.

आधी मोटरीविषयी. स्विंग मोटर ही सिंक्रोनस जातीची असते. तिच्यातला चुंबक घरच्या विजेच्या सेकंदाला 50 आवर्तनांशी ताल धरून फिरतो आणि आतली दंतचक्रे तो वेग मिनिटाला पाच-सहा फेऱ्यांवर उतरवतात. रात्री दाब कमी झाला, दिवे मिणमिणू लागले, तरी हिचा वेग बदलत नाही. जोर मात्र घटतो. हिची एक गंमतशीर खोडही आहे. बटण दाबल्यावर ही उजवीकडे फिरेल की डावीकडे, याचा नेम नसतो. फिरताना काही आडवे आले, तर बहुधा दिशा बदलून उलटी फिरू लागते. कूलरला याने फरक पडत नाही. तिथे मोटरीच्या चाकावर मध्यापासून बाजूला एक खीळ असते, खिळीला दांडा असतो, आणि चाक कोणत्याही दिशेने फिरले तरी दांडा पुढेमागेच होतो.

समुद्रमंथनाच्या मंडळाने हीच युक्ती जशीच्या तशी उचलली होती. एक मोटर, एक खीळ, एक दांडा. दांड्याची दोरी मंदार पर्वताला वेढे घालून दोन्हीकडे गेलेली. देव मागे रेलले की दानव पुढे झुकत, दानव मागे गेले की देव पुढे. अशा दांड्याचा वेग दोन्ही टोकांना शून्यावर येतो आणि मध्ये सर्वांत जास्त असतो. दोरी ओढणारा माणूसही असाच हलतो: टोकाला क्षणभर थांबतो, मग जोर लावतो. म्हणजे यंत्राची चाल आणि कथेची चाल इथे एकच होती. देवांना एक आणि दानवांना एक अशा दोन मोटरी लावल्या असत्या, तर वीज जाऊन परत आल्याबरोबर दोघांचा मेळ बिघडला असता. कोणती कुठे थांबली आणि कुठल्या दिशेने सुटली, याला धरबंध राहत नाही. मंडळाने हा विचार करून एक मोटर लावली की दुसरी मिळाली नाही म्हणून, हे आम्ही विचारले नाही. परिणाम चोख होता.

आता मारुती. तिथेही तीच मोटर, तीच खीळ. मिनिटाला सहा फेरे धरले तर एका फेऱ्याला दहा सेकंद. छाती पाच सेकंदांत उघडे, पाच सेकंदांत मिटे, पुन्हा उघडे. उघडण्यात आवेग नाही, उघडल्यावर थांबणे नाही. भक्ताने हृदय फाडून दाखवावे आणि दुकानाच्या शटरसारखे ते वरखाली व्हावे, हे कसे चालेल? रामसीता दिसतात न दिसतात तोच पडदा पडतो. मूर्तिकाराने ओतलेला जीव खिळीने घालवला.

उपाय महागडा नव्हता. खिळीऐवजी शंखाच्या आकाराची चकती लावायची. तिची त्रिज्या कडेने हळूहळू वाढत जाते आणि एका जागी पायरीसारखी एकदम घटते. चकतीवर टेकलेली पट्टी सावकाश वर चढते आणि धाडकन खाली येते. पट्टी खाली येताच स्प्रिंगने छातीची दारे उघडावीत, पायरीनंतर कडेचा काही भाग समान त्रिज्येचा ठेवून ती उघडीच राहू द्यावीत, मग चढणीने हळूहळू मिटावीत. ही चकती एकाच दिशेने चालते आणि मोटर तर लहरी. पण इथे तिची खोडच कामाला येते: उलटी सुटली की पट्टी पायरीला अडते, आणि अडलेली मोटर बहुधा आपण होऊन सुलटी फिरू लागते.

मोटर एकच एक गती देते, तिच्यातून आशय कसा काढायचा, हा प्रश्न नामवंत शिल्पकारांनाही पडला होता. नाउम गाबो यांनी 1919-20 च्या हिवाळ्यात मॉस्कोत विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी एक शिल्प केले. पोलादाची एक बारीक उभी सळई आणि खाली तिला थरथरवणारी मोटर, बस्स. थांबली की नुसती तार, चालू झाली की हवेत डौलदार, आरपार दिसणारा घाट. स्थिर तरंग शिकवताना याहून सोपे साधन आम्हाला सुचत नाही. खुद्द गाबोंना मात्र ते चलशिल्पापेक्षा चलशिल्पाच्या कल्पनेचे स्पष्टीकरण वाटे. अलेक्झांडर कॅल्डर यांनी 1931 च्या सुमारास मोटरीने हलणारी शिल्पे केली. मार्सेल द्युशाँ यांनी त्यांना 'मोबाइल' हे नाव दिले. (खिशातला फोन हे नाव घेऊन बसला तो फार पुढे.) पण तीच ती हालचाल पुन्हापुन्हा पाहणे कॅल्डरना रुचेना. पुढे त्यांनी बहुतेक शिल्पे वाऱ्यावर सोडली. हेच कॅल्डर 1955 मध्ये अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे येऊन राहिले आणि तिथे त्यांनी शिल्पे केली.

कॅल्डरकडून घेण्याजोगा धडा तोलाचा आहे. स्विंग मोटरीचा जोर साधारण चार किलोग्रॅम-सेंटिमीटर असतो. उभ्या चक्रात फिरणाऱ्या दांड्यावर, आसापासून 20 सेंटिमीटरवर 300 ग्रॅमची बाहुली लावली, तर दांडा आडवा होताना 0.3 गुणिले 20, म्हणजे सहा किलोग्रॅम-सेंटिमीटर जोर लागेल. मोटर अडणार. मुले अशा वेळी मोठी मोटर मागतात. दुसऱ्या टोकाला, आसापासून 10 सेंटिमीटरवर 600 ग्रॅमचा दगड बांधला, तर दोन्ही बाजू तुलतात आणि मोटरीला केवळ घर्षणाशी झुंजावे लागते.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत तर आमचा जीव जास्त तुटतो. तिथे सूर्यमालेचे 'फिरते मॉडेल' हमखास असते, आणि त्यात सगळे ग्रह एकाच आसाला जोडलेले, एकाच वेगाने फिरणारे. सूर्याभोवती फिरायला बुधाला 88 दिवस लागतात, शनीला साडेएकोणतीस वर्षे. मॉडेलमध्ये दोघे हातात हात घालून फिरतात. स्थिर चित्राने ही चूक केली नसती. ती मोटरीने केली, आणि परीक्षकांनी "फिरते का?" एवढेच विचारून तिला बक्षीस दिले. आम्हीही परीक्षक म्हणून हे पाप केले आहे.

दोनच ग्रह घ्यावेत. मोटर मात्र बॅटरीवर चालणारी, दंतचक्रांची हवी; 230 व्होल्टची मोटर मुलांच्या हाती देऊ नये. तिच्या आसावर दोन सेंटिमीटर व्यासाची दोन चाके. त्यांतल्या एकाचा पट्टा बुधाच्या दोन सेंटिमीटरच्या चाकावर, दुसऱ्याचा पृथ्वीच्या 8.3 सेंटिमीटरच्या चाकावर, कारण 365 भागिले 88 म्हणजे सुमारे 4.15. शनीसाठी हाच हिशेब केला तर जवळजवळ अडीच मीटर व्यासाचे चाक लागते. एखाद्या मुलीने हे गणित करून शनी वगळला आणि का वगळला ते शेजारच्या पुठ्ठ्यावर लिहिले, तर आम्ही तिला पूर्ण गुण देऊ.