बर्फ पुसल्यावर उरलेला खंड

तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. पांढराशुभ्र अंटार्क्टिका दिसतो, कॅमेरा खाली उतरतो, बर्फ अलगद विरून जातो आणि खालून डोंगर, दऱ्या, बेटं असलेला एक रंगीत खंड वर येतो. मागे कुणीतरी लावलेला पियानो. नासाची अशी एक फिल्म २०१३ची आहे, 'बेडमॅप२' या नकाशावर बेतलेली. मग २०१९ साली 'बेडमशीन' आला, २०२५मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेने 'बेडमॅप३' आणला, आणि दर वेळी खंड नव्याने सोलून दाखवला गेला. मी हे सगळं आवडीने बघतो आणि पुढे पाठवतो. एकदा घरच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा सातवीतल्या मामेबहिणीने विचारलं, "दादा, म्हणजे खाली हे अस्संच आहे?"

मी 'हो' लिहिलं. मग ते डिलीट केलं. का केलं, ते सांगतो.

आधी हे चित्र बनतं कसं ते बघू. विमानाला अँटेना लावतात आणि खाली रेडिओ लहरी सोडतात. बर्फ थंड आणि कोरडा असेल तर लहरी त्यातून आरपार जातात, तळाच्या खडकावर आपटतात आणि परत येतात. बर्फात त्यांचा वेग मायक्रोसेकंदाला सुमारे १६८ मीटर. तीन किलोमीटर जाऊन परत यायला ३६ मायक्रोसेकंद. तेवढी वेळ मोजली की जाडी कळते. या विद्येचा उगम एका चुकीत आहे, हे मला फार आवडतं. विमानांची उंची मोजणारी रेडिओयंत्रं बर्फावरून जाताना भलतेच आकडे दाखवत, कारण लहरी बर्फाच्या आत शिरत. वैमानिकाला वाटे, खाली बरीच जागा आहे. प्रत्यक्षात बर्फ जवळ आलेला असे. अमेरिकी सैन्यातल्या एमोरी वेट यांनी १९५०च्या दशकात या दोषाचंच मोजमापाचं साधन केलं. पुढे केंब्रिजच्या स्कॉट पोलर संस्थेत स्टॅन इव्हान्स यांनी त्यासाठी खास यंत्रं बनवली.

१९६७ ते १९७९ या काळात ब्रिटिश यंत्रं, डॅनिश अँटेना आणि अमेरिकी विमानं यांनी मिळून अंटार्क्टिकावर चार लाख किलोमीटरहून अधिक उड्डाणं केली. सगळी नोंद ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर, सिनेमाच्या रिळासारखी. २०१९मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ती रिळं स्कॅन करून प्रसिद्ध केली. त्यांतल्या काही चौकटी बघाच. वर एक ठळक रेघ, म्हणजे बर्फाचा पृष्ठभाग. त्याखाली जुन्या हिमवर्षावांचे एकावर एक थर, जुन्या वहीच्या कडेला पानं दिसतात तसे. आणि तळाशी एक खरबरीत, थरथरती रेघ, खडकाची. मधेच ती फिकी होते, कुठे गायबच होते. तिथे प्रतिध्वनी आलाच नाही, आणि फिल्म ते लपवत नाही.

माझी तक्रार इथून सुरू होते. रडारला फक्त विमानाच्या वाटेखालचा एक काप दिसतो. दोन वाटांच्या मधे काय आहे? अंटार्क्टिकात असे मधले पट्टे काही ठिकाणी कित्येक किलोमीटर रुंद आहेत. व्हिडिओत मात्र एकही फट दिसत नाही. मोजलेली जागा आणि अंदाजाने भरलेली जागा, दोन्हींना तोच रंग, तोच प्रकाश, तीच सावली. चित्र जितकं गुळगुळीत तितकं ते खरं वाटतं, आणि खंडाच्या आतल्या भागात नेमका हा गुळगुळीतपणाच संशयास्पद आहे. खडक तिथे सपाट असेलच असं नाही. आपल्याकडे तिथली मोजमापं कमी आहेत.

डेन्मन हिमनदीचं उदाहरण घ्या. तिच्या खालची घळ समुद्रसपाटीच्या साडेतीन किलोमीटर खाली जाते. भूखंडावरची ही सर्वांत खोल जागा, म्हणून तिच्या वाट्याला गडद निळा रंग. पण रडारला त्या घळीचा तळ नीट सापडलेलाच नव्हता. घळ अरुंद आणि खोल, त्यामुळे बाजूच्या भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी तळाचा आवाज दाबून टाकतात. बेडमशीनने मग वेगळा मार्ग घेतला. पुलावर उभं राहून नदीत किती पाणी येतंय, ते किती वेगाने वाहतंय आणि पात्र किती रुंद आहे हे कळलं, तर खोली काढता येते, तसंच बर्फाचं. त्याचा वेग उपग्रहांवरून कळतो आणि हिमवर्षावाचा हिशेब मांडता येतो. हे गणित अप्रतिम आहे आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. पण नकाशावरचा सगळ्यांत नाट्यमय रंग प्रतिध्वनीतून नव्हे, हिशेबातून आलाय, हे बघणाऱ्याला कळायला नको?

दुसरी गोष्ट मला त्याहून खटकते. 'बर्फाखालचा अंटार्क्टिका' म्हणून जे दाखवतात ती जागा कधीच अस्तित्वात येणार नाही. सरासरी दोन किलोमीटर जाड बर्फाच्या वजनाने खालची जमीन दबलेली आहे. बर्फ खरोखर गेला तर ती हजारो वर्षं हळूहळू वर येत राहील आणि किनारे पार वेगळे दिसतील. व्हिडिओत झोपलेला माणूस उचललाय आणि गादीतला खड्डा तसाच ठेवलाय.

कुणी म्हणेल, दीड मिनिटाच्या क्लिपकडून एवढी काय अपेक्षा? शास्त्रज्ञांकडून तरी लपवाछपवी नाही, हे मान्य. त्यांच्या निबंधांत मोजमापं कुठे झाली आणि आकडा किती चुकू शकतो, याचे नकाशे असतात. ते फॉरवर्ड होत नाहीत, एवढंच. आणि आकडे चुकतात तेव्हा लहान चुकत नाहीत. सर्वांत जाड बर्फ ॲस्ट्रोलेब खोऱ्यात आहे असं आधी मानलं जाई. बेडमॅप३ने आठ कोटी वीस लाख मोजमापांवरून तो मान विलक्स लँडमधल्या एका बिननावाच्या दरीला दिला: ४,७५७ मीटर. बेडमशीनच्या वेळी रिकव्हरी आणि सपोर्ट फोर्स या हिमनद्यांखालची जमीन आधीच्या अंदाजापेक्षा कितीतरी खोल निघाली. किनाऱ्याकडून आत जाताना जमीन खोल होत गेली तर मागे हटू लागलेली हिमनदी सहज थांबत नाही. वाटेत एखादा उंचवटा लागला तर तिथे अडकू शकते. तो उंचवटा आहे की नाही, हे बऱ्याचदा त्या दोन वाटांमधल्या पट्ट्यातच ठरतं.

माझी मामेबहीण रेवदंड्याला राहते. घरामागे खाडी. अंटार्क्टिकातला बर्फ घटला की त्याची ओढ कमी होऊन तिथल्या जवळच्या समुद्राची पातळी उतरते, आणि दूरच्या, आपल्या बाजूच्या समुद्रात ती सरासरीपेक्षा जास्त वाढते. सगळा बर्फ वितळला तर जगाचा समुद्र ५८ मीटर चढेल, तो आकडा तिच्या आयुष्यातला नाही. किती बर्फ किती लवकर जाईल, हा मात्र आहे.

तर 'हो' डिलीट करून मी तिला उड्डाणवाटांचा नकाशा पाठवला. काळ्या रेघांचं गिचमिड: किनाऱ्याजवळ दाट, मधे कुठेकुठे विरळ. तिने दोन बोटांनी झूम करून एका कोऱ्या जागेचा स्क्रीनशॉट परत पाठवला. खाली लिहिलं होतं, "इथे कोणीच गेलं नाही?"