दोन बंदींमधले पुराण : ‘ख्रिस्तपुराणा’च्या रूपाविषयी

मराठी वाङ्मयेतिहासात थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा (१६१६) परामर्श बहुधा दोन प्रकारे घेतला जातो. एक तर ग्रंथातील मराठीस्तुतीच्या ओव्या उद्धृत करून, एका इंग्रज जेझुइटाने आपल्या भाषेचा केलेला गौरव म्हणून त्यांचा अभिमान बाळगला जातो. किंवा मग हे धर्मप्रसाराचे साधन आहे, ख्रिस्ती आशयावर चढवलेला पुराणाचा वेष आहे, असे म्हणून ग्रंथच बाजूला ठेवला जातो. परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही भूमिकांमागे गृहीत मात्र एकच आहे : आशय युरोपातून तयार होऊन आला आणि रूप तेवढे येथून उचलले गेले. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी करावयाची आहे. पुराण हे रूप सोळाव्या शतकातील कॅथलिक धर्मसुधारणेच्या पोटातच निर्माण झालेल्या एका पेचाचे उत्तर होते, असे माझे प्रतिपादन आहे.

हा पेच आधी युरोपात पाहिला पाहिजे. मार्टिन लूथरचा जर्मन नवा करार १५२२ मध्ये व संपूर्ण बायबल १५३४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून देशी भाषेतील धर्मग्रंथ ही प्रोटेस्टंट पक्षाची खूण ठरली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) लॅटिन व्हल्गेटला प्रमाण मानले. १५६४ च्या निषिद्धग्रंथसूचीच्या नियमांनी देशी भाषेतील बायबल वाचण्यासाठी लेखी अनुमती आवश्यक केली. मात्र याच परिषदेने प्रत्येक धर्मगुरूने लोकांना कळेल अशा रीतीने उपदेश करावा, असाही आग्रह धरला होता. म्हणजे लोकांना धर्म समजला पाहिजे, परंतु धर्मग्रंथ थेट त्यांच्या हाती जाता कामा नये. या दोन आज्ञांमध्ये जी जागा मोकळी राहिली, ती प्रश्नोत्तरी उपदेशग्रंथ, संतचरित्रे, नाट्य आणि चित्रे यांनी भरून काढली. ‘ख्रिस्तपुराणा’चे स्थान या जागेत आहे.

स्टीफन्सला हा पेच पुस्तकातून कळलेला नव्हता. त्याचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. त्याच्या तारुण्यात तेथे एलिझाबेथची प्रोटेस्टंट राजवट होती. चर्चमध्ये इंग्रजी बायबल वाचले जाई आणि कॅथलिकांना छळ सोसावा लागे. त्याच्याबरोबर देश सोडू पाहणारा मित्र टॉमस पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची अनेक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स रोमला जाऊन १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचला. मातृभाषेतील धर्मग्रंथ हे ज्याच्या देशात विरोधी पक्षाचे शस्त्र होते, त्याने परक्या देशी भाषेत सुमारे अकरा हजार ओव्यांची धर्मकथा रचावी, ही विसंगती केवळ भाषाप्रेमाने उलगडत नाही.

गोव्यात त्याच्यासमोर दुसरी बंदी होती. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशनची स्थापना झाली होती. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले, तेव्हा स्टीफन्स गोव्यातच होता. देवळाबरोबर पुराणकथनाची जागा, वेळ आणि सांगणाराही गेला. ही रिक्तता ग्रंथाने लपवलेली नाही. पहिल्या पुराणाच्या आरंभीच धर्मांतरित श्रोत्यांपैकी एकजण पाद्रीला विचारतो की, तुम्ही आमची पूर्वीची पुराणे मना केलीत, तर त्यांच्यासारखी दुसरी पुराणे आम्हांला का करून देत नाही? या प्रश्नाकडे केवळ प्रास्ताविक योजना म्हणून पाहता येत नाही. ग्रंथाच्या निर्मितीचे कारण म्हणून येथे खुद्द निषेधाचाच उच्चार झाला आहे. हा श्रोता आज्ञाधारक आहे, तरीही आपल्याकडून काय काढून घेतले गेले ते तो विसरलेला नाही.

हान्स रोबर्ट याउसच्या परिभाषेत, या श्रोत्याचे अपेक्षाक्षितिज पुराणश्रवणाने घडलेले आहे. नवे पुराण त्याच क्षितिजावर उगवते. म्हणून त्याची रचना बायबलच्या पुस्तकांच्या क्रमाने न होता वक्ता आणि श्रोते यांच्या संवादाने होते. जुन्या कराराचे ‘पहिले पुराण’ छत्तीस अध्यायांचे, तर ख्रिस्तचरित्राचे ‘दुसरे पुराण’ एकोणसाठ अध्यायांचे आहे. श्रोता शंका काढतो, वक्ता तिचे निरसन करतो आणि कथा पुढे सरकते. ट्रेंटच्या दृष्टीने हे रूप निर्धोक होते, कारण यात वाचकाच्या हाती धर्मग्रंथ पडत नाही. अधिकारी मुखातून आलेली कथा कानी पडते. पोर्तुगीज शीर्षकाने तर या ग्रंथाला तारकाच्या आगमनाविषयीचे ‘प्रवचन’ म्हटले होते. परवाना देणाऱ्याला प्रवचन दिसावे आणि ऐकणाऱ्याला पुराण ऐकू यावे, असे हे दुहेरी रूप आहे.

याच लेखकाने केलेली भाषांची वाटणीही येथे लक्षात घ्यावी. त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेलेली ‘दौत्रीन क्रिस्तां’ ही प्रश्नोत्तरी कोकणीत आहे. पुराण मराठीत आहे. पाठ करावयाचा सिद्धान्त घरच्या बोलीत आणि ऐकावयाची कथा ग्रंथभाषेत, अशी ही योजना आहे. सर्वांना शुद्ध मराठी कळत नाही म्हणून सोपे ‘ब्राह्मण’ भाषेचे, म्हणजे कोकणीचे, शब्द मिसळल्याचे तो सांगतो. या पार्श्वभूमीवर मराठीची स्तुती पुन्हा वाचली, तर तिचा रोख बदलतो. तेथे ‘मराठी’ हे एका वाङ्मयीन प्रतिष्ठेचे नाव आहे. ज्या प्रतिष्ठेच्या ग्रंथांवर बंदी आहे, तिच्यावरच नवा ग्रंथ हक्क सांगतो. गौरव आणि ताबा या दोन्ही क्रिया तेथे एकाच ओवीत घडतात.

परंतु रूप ही निष्क्रिय वस्तू नसते. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला की त्या शब्दाभोवतीची स्मृतीही ख्रिस्ती कथेत शिरते. जुना अर्थ पुसण्यासाठी आधी तो जागवावा लागतो. लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात मुद्रित रोमी परंपरेतील अनेक पोर्तुगीज-लॅटिन संज्ञांच्या जागी संस्कृत शब्द आढळतात. मूळ पाठ कोणता, हा वाद येथे बाजूला ठेवू. दोन संहितांमधील हे अंतरच दाखवते की, भाषांतराची सीमा कोठे आखावी याविषयी खुद्द ख्रिस्ती समाजातही एकमत नव्हते. लिपीचा प्रश्नही याच स्वरूपाचा होता. १६०८ च्या पत्रात स्टीफन्सने स्थानिक लिपीचे ठसे पाडण्याची कल्पना मांडली होती. प्रत्यक्षात ग्रंथ राचोल येथे रोमी लिपीत छापला गेला.

पुढील इतिहास या अस्वस्थतेला दुजोरा देतो. ग्रंथाची १६४९ व १६५४ मध्ये पुनर्मुद्रणे झाली; रविवारी व सणाच्या दिवशी चर्चमधून त्याचे वाचन होत असे. १६८४ मध्ये मात्र व्हाइसरॉयने स्थानिकांना तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. युरोपात देशी भाषेतील धर्मग्रंथाविषयी जी भीती होती, ती गोव्यात अखेर देशी भाषेपर्यंतच येऊन पोहोचली. या काळातील मुद्रित प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. संहिता टिकली ती हस्तलिखितांतून, आणि त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांची रोमी आणि १९५६ मध्ये पुण्यात बंडेलूंची देवनागरी आवृत्ती निघाली.

तेव्हा ‘ख्रिस्तपुराण’ वाचताना कृतज्ञता किंवा संशय यांपैकी एकाची निवड करण्याची गरज नाही. समीक्षेने त्या पहिल्या श्रोत्याच्या प्रश्नापाशी थांबावे. वक्त्याने कथा सांगून त्याला उत्तर दिले. परंतु त्यासाठी त्याला पुराणिकाच्या जागी बसावे लागले, आणि जे मना केले होते त्याच्याच चालीत बोलावे लागले. धर्मसुधारणेने काढून घेतलेल्या गोष्टीची नोंद तिच्या सर्वांत यशस्वी वाङ्मयीन कृतीतच अशी राहून गेली आहे. मराठीस्तुतीच्या ओव्या पाठ्यपुस्तकात देताना हा प्रश्नही त्यांच्याशेजारी छापला, तर त्या ओव्यांचे मोल कमी होणार नाही. ते कोणत्या किमतीत आले, एवढे मात्र कळेल.