टेंपो आणि बिनटपाची

न्यू जर्सीला लेकीकडे गेलो, तेव्हा दारातल्या गाडीला मी सहज 'टेंपो' म्हणून गेलो आणि जावईबापूंचा चेहरा पडला. हिनं मला कोपरखळी मारली. "बाबा, ही एफ-१५० आहे," जावईबापू शक्य तितक्या आदरानं म्हणाले. आमच्याकडे असल्या गाडीतून मंडईत कांदे येतात, हे वाक्य मी गिळलं. महिनाभरात तिच्या हौद्यात चढलेला माल मात्र सांगून टाकतो : तांदळाची एक पिशवी, कोथिंबिरीच्या चार जुड्या आणि माझी घडीची खुर्ची.

शेजारच्या आजोबांकडे १९६५ ची मस्टँग होती. बिनटपाची, म्हणजे कापडी टप मागे दुमडून ठेवायचा.

दोघी फोर्डच्याच लेकी. दोघींच्या पत्रिकेत १९६४ साल महत्त्वाचं. त्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. का, तर युरोपनं अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढवला म्हणून! त्याचं नावच 'कोंबडी कर' पडलं. कोंबड्या विसरल्या गेल्या. देशी पिकअप त्या कुंपणाआड बाळसं धरत राहिले. आणि एप्रिलात न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग अवतरली.

आजोबांनी एकदा मला फिरवून आणलं. अर्ध्या तासात सात अनोळखी माणसांनी हात केला. लग्नात घोड्यावर बसलो होतो, तेव्हाही एवढे लोक हसले नव्हते. पिकअपमध्ये बसणं म्हणजे माडीवर बसणं. गारवा, गरम होणारी खुर्ची, सगळं आहे. पण खालून जाणाऱ्याला आपलं तोंड दिसत नाही आणि आपल्याला त्याचं.

आता कुणी म्हणेल, म्हातारा जुन्याचे गोडवे गातोय. तसं नाही. त्या मस्टँगला पट्टा फक्त कमरेचा, एअरबॅग नाही, डोक्यावर थेट आभाळ. परत आलो तेव्हा मी मनातल्या मनात रामरक्षा संपवत आणली होती.

पण एके सकाळी आम्ही पिकअपमध्ये बसलो. जावईबापूंचा हात गिअरवर होता. समोर रस्ता मोकळा. आणि बॉनेटपलीकडून कुठूनशी सायकलची घंटी वाजली. खाली उतरून बघतो, तर गाडीच्या नाकाशी आमची सहा वर्षांची नात! दोन मोठी माणसं आत बसून तिला दिसली नव्हती की तिला आम्ही, कोण जाणे. नंतर जावईबापूंनीच वाचून दाखवलं : तिकडच्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये पाहणी केली, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त.

एकूण निकाल असा : जुनी गाडी बसणाऱ्याचा जीव टांगणीला लावते, नवी रस्त्यावरच्याचा. पहिलीतल्या माणसाला निदान ते ठाऊक असतं.

हल्ली जावईबापू गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारतात. ही त्याला प्रदक्षिणा म्हणते.

मी अजून टेंपोच म्हणतो. आता ते रागावत नाहीत.