अकाली जन्मलेल्या अर्भकांचे पोषण : ऊर्जेच्या एका हिशेबाची तपासणी

चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ अर्भकास गर्भकालाच्या सुमारे ३४ व्या आठवड्यापासून साधू लागतो. त्याआधी जन्मलेल्यास दूध जठरात सोडलेल्या नलिकेनेच द्यावे लागते. ते दोन-तीन तासांच्या अंतराने एकदम द्यावे, की पंपाने अखंड संथ धारेने द्यावे, हा वाद जुना आहे. ग्रँट व डेन यांनी १९९१ मध्ये त्यात ऊर्जाव्ययाचे माप आणले. अर्भकाने घेतलेला प्राणवायू व सोडलेला कार्बन डायऑक्साइड यांवरून हा व्यय काढतात. खंडित पद्धतीत तो काहीसा अधिक आढळला. एकदम आलेले दूध पचविताना शरीरातील उष्णतानिर्मिती वाढते, ही त्याची उपपत्ती सयुक्तिक आहे.

आक्षेप या मापनावर नाही. त्यावरून अखंड पद्धत वाढीस अधिक पोषक ठरविण्यावर आहे. असे करताना खर्चाची बाजू पाहिली जाते, जमेची राहून जाते.

उदाहरणादाखल, दर किलो वजनामागे दिवसाचा ऊर्जाव्यय ६० उष्मांक व अखंड पद्धतीने होणारी बचत शेकडा ४ धरू. लाभ अडीच उष्मांकांहूनही कमी येतो. आता मातेच्या दुधातील जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्धांशात असते. दूध संथ वाहू लागले की हा अंश वेगळा होऊन पिचकारीत व नलिकेत चिकटून राहतो. दर किलोमागे १५० मिलिलिटर दुधातून सुमारे १०० उष्मांक मिळतात. पैकी ५० स्निग्धांशाचे. त्याचा दहावा भाग जरी वाटेत राहिला, तरी ५ उष्मांक गेले. बचतीहून तोटा दुप्पट झाला!

१५०० ग्रॅमहून कमी वजनाच्या अर्भकांवरील प्रयोगांचा प्रेमजी व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये घेतलेला आढावाही अखंड पद्धतीने वाढ अधिक होते असे निश्चितपणे दाखवीत नाही.

ऊर्जाव्यय हे गमक आहे, वाढ हे साध्य. म्हणून यापुढील अभ्यासात व्ययाबरोबरच जठरात प्रत्यक्ष पोहोचलेला स्निग्धांश आणि अर्भकाचे वजन, लांबी व डोक्याचा घेर मोजणे आवश्यक आहे. खंडित दूध न सोसणाऱ्या अर्भकासाठी अखंड पद्धत स्वीकारावी लागली, तर नलिका आखूड व पिचकारीचे तोंड वर ठेवावे. ज्याच्या वजनात ग्रॅमाग्रॅमाने भर पडते, त्याच्या वाट्याचे दूध नळीत राहू देणे परवडणारे नाही.