‘विघटन’, ‘कचरा’ आणि ‘मोड’ : एका परिभाषेची चिकित्सा

पेशीतील प्रथिने नष्ट करणारी यंत्रणा व तिला लक्ष्य करणारे कर्करोगोपचार यांविषयी मराठीत लिहिताना दोन शब्द सहज योजले जातात : शास्त्रीय लेखनात ‘विघटन’ आणि सुबोध लेखनात ‘कचरा’. या दोन्ही शब्दांनी विषय सुलभ न होता विपरीत होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम ‘विघटन’ घेऊ. लाकूड कुजते तेथे आपण ‘विघटन होते’ असे म्हणतो. ही क्रिया करणारा कोणी या शब्दातून डोळ्यांसमोर येत नाही; ती आपोआप होते असे वाटते. पेशीत असे घडत नाही. विशिष्ट विकरे नेमके एक प्रथिन निवडतात. ७६ अमिनो आम्लांचे ‘युबिक्विटिन’ हे चिमुकले प्रथिन साखळीने त्यास जोडतात. आणि अशी खूण झालेल्या प्रथिनाचे ‘प्रोटिअसोम’ या पिंपासारख्या यंत्रात तुकडे होतात. या कामी ऊर्जाही खर्च होते. सिचानोव्हर, हर्श्को व रोझ यांना २००४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या खुणेच्या शोधासाठी. ‘विघटन’ या शब्दात कर्ता नाही, म्हणून निवडही नाही.

‘कचरा’ या शब्दाचा दोष निराळा. जे नष्ट झाले ते निरुपयोगीच होते, असे तो गृहीत धरतो. याचा प्रतिवाद कुर्डुवाडीपासून फार दूर शोधावयास नको. शेजारच्या बार्शीतील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांची पाहणी झाली. पॅपिलोमा विषाणूसाठी केलेल्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा विषाणू करतो काय? त्याचे ‘ई६’ प्रथिन पेशीतीलच एका विकरास हाताशी धरते आणि अर्बुदास आवर घालणाऱ्या ‘पी५३’ या धडधाकट प्रथिनावर खूण करविते. येथे नष्ट होतो तो कचरा नव्हे, पहारेकरी होय.

मग शब्द कोणता घ्यावा? तो आपल्या घरातच आहे : ‘मोडीत काढणे’. या क्रियेस कर्ता लागतो, कर्म लागते व निर्णयही लागतो. जुने पितळी भांडे मोडीत दिले तरी धातू वाया जात नाही. अमिनो आम्लेही पुन्हा उपयोगात येतात. रेल्वेवर वाढलेल्या कुर्डुवाडीस तर हा क्रम समजावून सांगावयास नको : डबा तपासावा, त्यावर खूण करावी, मगच तो मोडावा. विषाणूची करणी म्हणजे चांगल्या डब्यावर केलेली खोटी खूण.

या शब्दाची खरी कसोटी औषधांच्या वर्णनात लागते. अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळालेले बोर्टेझोमिब प्रोटिअसोमचे काम रोखते. अस्थिमज्जेतील मायलोमाच्या पेशी अमाप प्रथिने बनवितात. मोड थांबली की त्या आपल्याच ढिगाखाली मरतात. लेनॅलिडोमाइडची रीत याच्या उलट. ते खूण करणाऱ्या विकराची निवड बदलते आणि मायलोमास आधार देणारी दोन प्रथिने मोडीत काढविते. हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. एक औषध मोड थांबविते, दुसरे नेमकी मोड घडविते. ‘कचरा साफ होणे’ या वाक्प्रयोगात हा भेद मावत नाही. पहिल्या औषधाविषयी तर तो चक्क उलटा अर्थ सांगतो.

‘मोड’ हा शब्द प्रबंधास शोभणार नाही, असा आक्षेप येईल. शिवाय त्याचे अंकुर, सुटे पैसे असे इतर अर्थही आहेत. हा दुसरा आक्षेप खरा आहे; म्हणून सुटे नाम न घेता ‘मोडीत काढणे’ हे संयुक्त क्रियापद घ्यावे. पहिल्या आक्षेपास उत्तर एवढेच की, परिभाषेचे अंतिम स्थान प्रबंध नव्हे. माढा तालुक्यातील एखादा मायलोमाचा रुग्ण उपचारासाठी संमतिपत्रावर सही करतो, तेव्हा औषध शरीरात काय थांबविणार आहे आणि त्यापायी हातापायांना मुंग्या व बधिरपणा येण्याचा संभव का आहे, हे त्यास कळावयास हवे. औषध कचरा काढते असे ऐकून त्याने दिलेली संमती भलत्याच गोष्टीस दिलेली असते. शब्दाची चूक तेथे केवळ शब्दाची राहत नाही.